पेटीचा गंधार

त्या दिवसापासून माझ्या पेटीचा मधला गंधार बोलत नाही,
असं मी म्हणणार नाही; तो आधीपासूनच अडत होता.
खाडीची हवा. पितळ हिरवं पडतं, एवढंच.
पण सांगायला बसलं की
सुरुवात त्या दिवसापासूनच होते.

राबोडीची शाळा, खोली नंबर तीन.
माझ्यापुढे यादी, हातात फूटपट्टी.
हमीद मुकादम आत आले, इस्त्रीचा सदरा, खिशात ओळखपत्र.
आमच्या शाळेची पेटी त्यांनी बावीस वर्षं सांभाळली,
प्रार्थना कधी बेसूर होऊ दिली नाही.
मी फूटपट्टी एकेक ओळ खाली सरकवली.
पान उलटलं. परत पहिल्यापासून.
त्यांच्या बायकोचं नाव होतं.
तिला जाऊन सहा वर्षं झाली.
त्यांचं नव्हतं.
"असू द्या बाई, तुमची काय चूक,"
म्हणाले, आणि कोरं बोट घेऊन पायऱ्या उतरले.

मग निकाल लागला. गुलाल झाडून झाला.
ज्यांना पाडायला निघाले होते
त्यांच्याच गाडीत जाऊन बसले.
आमच्या लिफ्टमध्ये दळवी आणि सामंत
एकमेकांकडे न बघता मजले मोजतात,
एका हळदीकुंकवाच्या भांडणात नाही झालं इतकं.
टीव्हीवर आठ चौकटी, आठ तोंडं.
मी आवाज बंद करते,
तरी तोंडं हलत राहतात.

म्हणून संध्याकाळी पेटी रिक्षात घालते,
ऐरोलीहून दिव्याच्या जेट्टीवर.
बाळाराम मढवी जाळं शिवत असतो.
"म्हावरा नाय, तर गाना तरी आयकू," म्हणतो.
ओहोटी. चिखलाला अंड्याचा वास.
तिवरांची मुळं चिखलातून उलटी वर आलेली
श्वास घ्यायला, बोटबोटभर,
हजारो बोटं,
एकावरही शाई नाही.

पलीकडे विजेच्या मनोऱ्यांखाली रोहित पक्षी
माना उलट्या घालून पाणी चाळतात.
मी मारवा धरते.
काणेमास्तर सांगायचे, मारव्यात षड्जावर
लगेच टेकायचं नाही.
घर दिसतं, दारावरून वळून जायचं,
दिवे लागायला आले तरी.
गंधाराशी पेटी नुसती हवा सोडते.
तेवढ्या फटीत मी गाते.
साठीचा गळा, लागतो कधी, कधी नाही.
एक पक्षी मान वर करतो,
बाकीचे चरत राहतात.
बरं वाटतं.
लिहायची लाज वाटते,
पण बरं वाटतं.

"पानी चरतंय, बाय. यो कुनाचा आयकत नाय."
मढवी जाळं गुंडाळतो.
मुळं एकेक करून पाण्याखाली जातात.
ती बुडून मरत नाहीत, हे मला ठाऊक आहे.
तरी शेवटचं जाईपर्यंत मी उठत नाही.

काल मात्र पेटी घेऊन राबोडीला गेले.
दुकानात सरसाचा वास, भिंतीवर बिनभात्याच्या पेट्या.
मुकादमांनी चष्मा कपाळावर चढवला, झाकण काढलं,
सुराची पट्टी ब्लेडने हळू खरवडली, फुंकर घातली.
"गंधार कधीपासून नाही?"
मी तारीख सांगितली नाही.
भाता ओढला. सूर आला, जरा चढा, पण आला.
"बसेल," म्हणाले, "आठ दिवस वाजवत राहा. मग दाखवा."
पैसे घेतले. पूर्ण घेतले.

पिशवीत तळाशी नमुना सहाचा अर्ज होता,
माझ्या शाळेतल्या अक्षरात अर्धा भरलेला.
तो मी काउंटरवर, स्क्रूच्या डबीशेजारी ठेवला.
ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.
बाहेरून कोणत्या तरी विजयाची मोटारसायकल गेली.
वडिलांचं नाव तेवढं मला माहीत नव्हतं.
ते मी विचारलं.